पास कोणी करायचं?

शस्त्र कायद्याबद्दल माझं मत पक्कं होतं आणि ते मी कोणी विचारलं नाही तरी ऐकवायचो. मत असं, की सरकारला आपली भीती वाटते म्हणून आपल्या हातात बंदूक नाही. 1878 साली लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला, गोऱ्यांना त्यातून सूट ठेवली आणि आपल्या लोकांच्या घरातली हत्यारं परवान्याच्या कागदाला बांधली. पुढे स्वातंत्र्य आलं, 1959 चा नवा कायदा झाला, 1962 पासून तो लागूही झाला; पण मालक बदलला तरी कुलूप तेच राहिलं, असं मी म्हणायचो. टाळी यायची.

आमच्या भागात असं मत बनायला वेळ लागत नाही. वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे, आणि त्यांचं बंड 1879 चं, म्हणजे लिटनच्या कायद्याच्या दुसऱ्याच वर्षीचं. भाई कोतवाल माथेरानचे. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर ते आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कर्जत तालुक्यात ही गोष्ट पुस्तकातून कळत नाही, घरात कळते. पोलिसांकडे रायफली आणि आपल्याकडे जमेल ते, हे चित्र लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

त्यावर माझ्या नोकरीची भर पडली. मी शिळफाट्याला राहतो. मुंब्र्याजवळचा नव्हे, खोपोलीचा; घाट उतरून आलेला जुना हायवे जिथे पेणच्या रस्त्याला मिळतो तो. (पत्ता सांगताना हे दरवेळी सांगावं लागतं, नाहीतर पाहुणे कल्याण-शीळ रस्त्यावर जाऊन फोन करतात.) खोपोलीच्या आसपासच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी तपासणी खात्यात काम केलं. आधी शॉपफ्लोअरवर, मग गेजरूममध्ये. प्लग गेज, स्नॅप गेज, स्लिप गेज, सरफेस प्लेट यांच्यात हयात गेली. मिलिमीटरचे कागद आले तरी आमची जुनी माणसं थाऊतच बोलायची, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मीही थाऊतच विचार करतो.

असा माणूस शस्त्र कायद्याचं कलम 5 वाचतो तेव्हा त्याचं डोकं फिरतं. त्या कलमात नुसतं बनवणं आणि विकणं नाही. दुरुस्ती करणं, चाचणी घेणं, प्रूफ करणं हेही परवान्याशिवाय बंद. आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे अख्खी बंदूकच असं नाही. तिचे सुटे भागही शस्त्रच. म्हणजे नुसता बोल्ट हातात असला तरी तुम्ही शस्त्र घेऊन बसलात. शिक्षा बघा: 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. पळसदरीकडच्या एका ओळखीच्यांकडे वडिलांच्या वेळची .315 होती. इछापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची, परवान्याची, रानडुकरांसाठी घेतलेली. बोल्ट ढिला वाटतो म्हणाले, बघतोस का. मला तो बोल्ट मायक्रोमीटरखाली धरायची इतकी इच्छा झाली होती की सांगता सोय नाही. नाही म्हणालो. आणि घरी येऊन दिल्लीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. आयुष्यभर अर्ध्या थाऊचा फरक पकडणाऱ्या माणसाला एक बोल्ट मोजता येत नाही, आणि ज्याला व्हर्निअर कुठून वाचायचा हे ठाऊक नाही तो परवान्याच्या जोरावर दुरुस्ती करतो, हा काय न्याय?

हे मत बदललं. त्याला कारण माझा पुतण्या.

तो अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्याला तिथला नाद लागला: एआर-15 जातीच्या रायफलीचा वरचा अर्धा भाग, ज्याला ते ‘अपर’ म्हणतात, घरी जुळवायचा. तिथला कायदा आपल्या अगदी उलट. रायफलीचा खालचा भाग, ज्यावर नंबर असतो आणि ज्यात चाप असतो, तेवढाच कायद्याच्या दृष्टीने बंदूक. वरचा अर्धा भाग, ज्यात नळी, चेंबर, बोल्ट आणि सगळा धोका आहे, तो नुसता सुटा भाग. पुस्तक मागवावं तसा घरपोच येतो. माझ्या दृष्टीने हे म्हणजे स्वर्गच. जेवणाच्या टेबलावर टर्किश टॉवेल अंथरलेला, त्यावर व्हाइस, टॉर्क रेंच, ग्रीस, आणि व्हिडिओ कॉलवर मी. “काका, बघा,” असं म्हणून तो एकेक भाग कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि मी इथे चहा गार होईपर्यंत बघत बसायचो. आमच्या हिला वाटायचं, पोरगं स्वयंपाक शिकतंय.

नळी त्याने एका दुकानातून घेतली होती, बोल्ट सेलमध्ये दुसऱ्याच कंपनीचा. मी पहिला प्रश्न विचारला, “हेडस्पेस बघितलीस का?” तो म्हणाला, “गरज नसते काका, सगळे भाग मिल-स्पेक आहेत.” म्हणजे लष्करी मापाप्रमाणे बनवलेले.

ही हेडस्पेस काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काडतूस चेंबरमध्ये पुढे सरकतं आणि एका जागी अडतं. ते जिथे अडतं तिथपासून मागे बोल्टच्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. कुठे अडतं हे काडतुसाच्या घडणीवर ठरतं. .303 चं, .315 चं किंवा बारा बोरचं काडतूस बुडाला रुंद असतं, ती कडा अडते. 5.56 सारख्या बिनकडेच्या काडतुसाचा उतरता खांदा चेंबरच्या खांद्याला टेकतो. अंतर कमी पडलं तर बोल्ट नीट बंदच होत नाही, ते निदान लगेच कळतं. जास्त झालं तर बोल्ट छान बंद होतो, गोळी सुटते, नेमही लागतो, आणि काहीच कळत नाही.

आत काय होतं ते असं. फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे ढकललं जातं आणि बुडामागे मोकळी जागा राहते. दारू पेटते. पितळेची पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बुडाकडचा जाड भाग दाबाने मागे सरकून बोल्टवर आपटतो. मग ताणलं कोण जातं? या दोघांच्या मधलं पितळ, बुडापासून थोडं वर. एकदा झाडलेल्या पितळेवर तिथे चमकदार रेघ दिसू लागते. तेच पितळ पुन्हा भरून वापरलं तर रेघ खोल जाते, आणि एखाद्या वेळी तिथून दोन तुकडे होतात. 5.56 च्याच घडणीच्या .223 च्या काडतुसाचा दाब मानकाप्रमाणे 55,000 psi पर्यंत जातो. शिळफाट्यावरचा पंक्चरवाला ट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे psi हवा भरतो, आणि तेवढ्या हवेने लॉक रिंग उडून माणूस गेल्याच्या गोष्टी इथे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहेत. इकडे त्याच्या कितीतरी पटींचा तापलेला वायू गाल दस्त्याला टेकवून बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर फटीतून मागे येतो.

‘सगळे भाग मिल-स्पेक’ या वाक्याला आमच्या खात्यात कोणी भीक घातली नसती. चेंबर किती खोल कापलं याला टॉलरन्स आहे. नळीच्या मागे आटे पाडून बसवलेल्या एक्स्टेन्शनला टॉलरन्स आहे. बोल्टच्या तोंडापासून त्याच्या दात्यांपर्यंतच्या मापाला टॉलरन्स आहे. प्रत्येक भाग ड्रॉइंगप्रमाणे पास झाला तरी सगळ्यांची चूक एकाच दिशेला असेल तर बेरीज नापास होऊ शकते. भाग पास म्हणून जुळणी पास, असं होत नाही. जुळणीचं गेज वेगळं असतं. एकाच कंपनीने नळी आणि बोल्ट जोडीने तपासून दिले तर ते काम तिने केलेलं असतं. वेगवेगळे घेतले की ते कोणीच केलेलं नसतं. पुतण्या हुशार आहे, त्याला पटलं. गेज मागवली.

गेज म्हणजे काडतुसाच्या आकाराचे कडक पोलादाचे, घासून मापात आणलेले तुकडे. त्याने घेतलेल्या जोडीत गो 1.4636 इंचाचं आणि नो-गो 1.4666 चं. फरक तीन थाऊ, म्हणजे 0.076 मिलिमीटर. रीत सोपी आहे. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढायचे, कारण त्यांच्या स्प्रिंगा गेजला ढकलतात आणि हाताला खोटं कळतं. चेंबर साफ, गेज साफ. गोवर बोल्ट बंद झालाच पाहिजे. नो-गोवर बंद होता कामा नये. जोर लावायचा नाही, बोटांनीच. जोर लावला तर पोलादी गेज चेंबरचा खांदाच दाबून टाकेल.

गोवर बंद झाला. दुसरं गेज घातलं. मी इथे खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. त्याने कॅरिअर बोटाने पुढे ढकललं, बोल्टचे दाते एक्स्टेन्शनच्या खाचांत गेले आणि बोल्ट फिरला. म्हणजे कुलूप लागलं. नो-गोवर.

नापास, मी म्हणालो. आणि माझ्या मते विषय तिथे संपला. पण तो संपला नाही, आणि त्या रात्री जे झालं त्याने माझं मत बदललं. तो वाद घालू लागला. त्याचा वाद चुकीचाही नव्हता, हे आधीच सांगतो. कॅटलॉगमध्ये फील्ड नावाचं तिसरं गेज असतं, ते नो-गोपेक्षाही तीन थाऊ मोठं. त्यावर बोल्ट बंद होत नसेल तर रायफल चालवतात. शिवाय मानकातली चेंबरची कमाल मर्यादा त्याहूनही मोठी, 1.4736. म्हणजे एकूण दहा थाऊची मोकळीक. “तीन थाऊने काय होतंय काका? फील्ड मागवतो, त्यावर नक्की पास होईल.” मी सांगितलं, फील्ड गेज जुन्या, झिजलेल्या रायफलीसाठी असतं, ती आणखी किती चालवायची हे ठरवायला. नवी जुळणी जर आजच तिथे उभी असेल तर झिजायला जागा कुठे आहे? दात्यांवर मार बसतो, ते बसत जातात, हेडस्पेस वाढते, कमी कधीच होत नाही. तो म्हणाला, इतके पैसे गेलेत. मग म्हणाला, गेजच चुकीचं असेल. मग म्हणाला, ग्रीसमुळे असेल. मग म्हणाला, पुन्हा करून बघतो, या वेळी जरा हळू.

हे चारही मुद्दे मला त्याच क्रमाने पाठ होते. पैसे, गेज, ग्रीस, पुन्हा करून बघू. महिनाअखेरीला डिस्पॅच अडला की प्रॉडक्शनवाले गेजरूममध्ये येऊन हेच म्हणायचे. डेव्हिएशनवर सोडा साहेब, तीन थाऊने काय होतंय. ती वाईट माणसं नव्हती. त्यांनी तो माल बनवला होता, त्यावर घाम गाळला होता, आणि बनवणाऱ्याला आपला माल पासच दिसतो. म्हणूनच तर कारखान्यात तपासणी खातं वेगळं ठेवतात, त्याचा साहेब वेगळा ठेवतात. नापास मालाला लाल रंग मारून तो कुलूपबंद जाळीत टाकतात, म्हणजे रात्रपाळीला कोणी हळूच उचलून बाहेर काढू नये. प्लग गेजचं नो-गो टोक लाल असतं ते काही शोभेला नाही.

त्या जेवणाच्या टेबलावर हे काही नव्हतं. जुळवणारा तो, तपासणारा तो, पैसे भरणारा तो, उद्या रेंजवर झाडणारा तो. लाल जाळी नाही, कुलूप नाही. एक म्हातारा काका होता, तोही पडद्यावर, आणि फोन ठेवला की तोही नाही. ज्या स्वातंत्र्याचा मला हेवा वाटायचा ते मी प्रत्यक्ष चालू असताना पाहिलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. मला त्याच्या हातावर अविश्वास नव्हता. हात त्याचा चांगला आहे, माझ्यापेक्षाही. त्याच्या निकालावर माझा विश्वास नव्हता, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझ्याही निकालावर नसता.

शेवटी तो बोल्ट त्याने परत केला, दुसरा आणला, आणि तो नो-गोवर बंद होईना. पण तोपर्यंत माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत गुंतलं होतं. मी वाचत बसलो, बंदुका तपासायची पद्धत आली कुठून. माझी समजूत होती, राजाने प्रजेवर लादली असणार. निघालं उलटंच. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 साली सनद मिळाली, आणि नळ्या तपासून शिक्का मारण्याचं काम संघाकडे आलं. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस 1813 साली कायद्याने उभं राहिलं ते तिथल्या बंदूक बनवणाऱ्यांच्याच मागणीवरून आणि त्यांच्याच खर्चाने. कारागिरांना नीट कळत होतं की शेजारच्याने भिकार नळी विकली आणि ती फुटली तर बदनामी अख्ख्या गावाची. पद्धत अशी, की नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस एकदा झाडायचं, मग बंदूक पाहायची, मग शिक्का. बनवणाऱ्याने झाडायचं नाही. शिक्का दुसऱ्याचा. म्हणजे आमचं तपासणी खातंच, दोनशे वर्षं आधीचं.

मग कलम 5 पुन्हा वाचलं. बनवणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, प्रूफ करणं, सगळं एका दमात. इतकी वर्षं मला त्यात फक्त लिटन दिसत होता. आता त्या शेवटच्या दोन शब्दांत बर्मिंगहॅमचा कारागीरही दिसू लागला. लिटनचा हेतू वाईट होता, यात मला आजही शंका नाही. पण वाईट हेतूने आलेल्या कुलपामागे एक शहाणी चौकटही होती, आणि मी कुलपावर राग काढताना चौकटच उखडून मागत होतो.

जुन्या .303 कडे पाहिलं तरी हेच. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशकं दिसलेली ती रायफल. 1904 साली सुरू झालेल्या इछापूरच्या कारखान्याने ती पिढ्यान्‌पिढ्या बनवली. तिच्या नंबर 4 मॉडेलच्या बोल्टचं डोकं सुटं होतं आणि ते 0 ते 3 अशा नंबरांत यायचं, हेडस्पेस वाढली की पुढच्या नंबरचं डोकं बसवायचं. तिची लष्करी गेज .064 आणि .074 इंचाची, दहा थाऊंची ऐसपैस मोकळीक, चिखल-वाळूतही चालावी म्हणून. आणि एवढी मोकळीक असूनही डोकं बदलायचं काम शिपायाचं नव्हतं, आर्मोररचं, म्हणजे शस्त्रं तपासून दुरुस्त करणाऱ्याचं होतं. रायफल ज्याच्या खांद्यावर, गेज त्याच्या हातात नाही.

खेळातही तेच. स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्रॉन्झ मिळवलं ते .22 च्या रायफलीने. राधानगरीच्या कांबळवाडीचा हा मुलगा आपल्या रायफलीचा स्क्रू न्‌ स्क्रू ओळखत असणार. तरी स्पर्धेआधी रायफल आणि जाकीट इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर जातं आणि दुसरंच कोणीतरी मोजतं. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

आता इथे थांबून सरकारची आरती ओवाळायची नाही. माझं अर्धं भांडण शाबूत आहे. तपासणी दुसऱ्याने करायची हे मान्य केलं, तर तो दुसरा हाताशी हवा. कर्जत-खालापुरात शेतकऱ्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत. ठासणीची असेल तर तिला काडतूसच नाही, म्हणून हेडस्पेसही नाही. तिचे धोके वेगळे. बारा बोर किंवा .315 असेल तर ती दाखवायला मुंबई किंवा पुणे गाठायचं, एका स्प्रिंगसाठी दिवस घालवायचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत मिळेल तेव्हा गंज पुसत बसायचं. सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा गावठी कट्टे बनवणाऱ्यांसाठी ठेवली असेल तर ठीक. पण तीच तरतूद ढिला स्क्रू आवळणाऱ्या भल्या माणसालाही लागू होते, हे मला आजही पटत नाही. तालुक्याला नाही तर निदान जिल्ह्याला एक परवानाधारक, गेज असलेला, खात्रीचा आर्मोरर असावा, अशी मागणी कोणी का करत नाही? पूर्वी मी म्हणायचो, बंधन काढा. आता म्हणतो, बंधन राहू द्या, पण तपासणारा जवळ आणून बसवा. मित्रांना हा बदल आवडलेला नाही. एक जण म्हणाला, म्हातारपणी सरकारी झालास.

झालो नाही. गावठी कट्ट्याच्या बातम्या मी पूर्वीही वाचायचो, पण तेव्हा मला त्यात कायद्याचं अपयश दिसायचं: दारं बंद केलीत म्हणून चोरवाटा झाल्या, वगैरे. आता त्याच बातमीत मला पहिल्यांदा चेंबर दिसतं. कुठल्यातरी नळीत डोळ्याच्या अंदाजाने कोरलेलं, कुठलंच गेज न पाहिलेलं. पोलिसांनी पकडला नाही तर तो कट्टा आधी कोणाचा हात नेईल हे सांगता येत नाही, समोरच्याचा की धरणाऱ्याचा.

पळसदरीचे ते ओळखीचे परवा भेटले. .315 अजून आहे, बोल्ट अजून ढिला. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो, कारण अशा बंदुका आपल्या भागात बऱ्याच घरांत आहेत. कपाटातली बंदूक बरीच वर्षं कोणी पाहिली नसेल तर या मोसमात ती झाडू नका. बारा बोर बंद केल्यावर नळी आणि मागचा भाग यांच्यामधून उजेड दिसत असेल, किंवा झाडलेल्या पितळेवर बुडाच्या वर चमकदार रेघ उमटत असेल, तर ती तशीच गुंडाळून ठेवा. बोल्ट लेथवाल्याकडे नेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. माझ्याकडेही आणू नका. परवाना आणि बंदूक घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा आणि त्याला आधी विचारा, या काडतुसाचं हेडस्पेस गेज तुमच्याकडे आहे का, आणि असेल तर माझ्यासमोर लावून दाखवा. तो का-कू करू लागला तर बंदूक परत घेऊन या आणि दुसरा शोधा.